जागतिक वारसा: यादीत नाव महत्त्वाचं की रोजची देखभाल?

चुनखडी:
युनेस्कोचा जागतिक वारसा करार १९७२चा. इतकी वर्षं झाली, तरी यादीत नाव लागलं की स्थळ वाचलं असं आपण धरून चालतो. माझ्या मते यादीने गर्दी वाढते आणि गर्दीच घात करते. फ्रान्समधली प्रागैतिहासिक भित्तिचित्रांची लास्को गुहा पाहा. १९४८ला सर्वांना खुली झाली, रोज हजारावर माणसं आत. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, दमटपणा, वर दिव्यांचा उजेड. भिंतींवर हिरवं शेवाळ चढलं, कॅल्साइटचा पांढुरका थर धरू लागला. १९६३ला कुलूप.

पाणवठा:
दाखला चुकला. लास्को यादीत आली १९७९ला, बंद झाल्यावर सोळा वर्षांनी! त्या गर्दीचं खापर यादीवर कसं फोडता? उलट इजिप्तमधलं अबू सिंबेल घ्या. आस्वान धरणाचं पाणी चढणार होतं, म्हणून १९६४ ते १९६८ मध्ये डोंगरात कोरलेली मंदिरं करवतीने कापली, वीस-तीस टनांचे ठोकळे ६५ मीटर वर नेऊन पुन्हा जुळवले. एकट्या इजिप्तला ते झेपलं नसतं. अशा मोहिमांतूनच पुढे करार झाला.

चुनखडी:
लास्कोचं मान्य, तारीख माझ्याच विरोधात जाते. पण डोळ्यांत भरणाऱ्या कामाला पैसा मिळतो, बारीक कामाला नाही. अथेन्समधल्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराचं दुखणं बारीकच होतं. प्राचीन गवंडी दगड जोडणाऱ्या लोखंडी क्लॅम्पभोवती वितळलेलं शिसं ओतत, म्हणजे हवा-पाणी लोखंडापर्यंत पोचत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत क्लॅम्प शिशाविना बसवले. लोखंड गंजलं, गंज फुगला, संगमरवर आतून तडकला. १९७५ नंतर ते काढून टायटॅनियमचे घालायचं काम सुरू झालं. तेही बेताच्या ताकदीचे, म्हणजे भूकंपात आधी क्लॅम्प वाकेल, दगड फुटणार नाही. हे शहाणपण यादीने नाही, वर्षानुवर्षं दगडाशी बसलेल्या माणसांनी दिलं.

रानवाट:
दोघंही दगडांतच अडकलात. पॅसिफिकमधल्या गालापागोस बेटांवर माणसांनी आणलेल्या शेळ्यांनी महाकाय कासवांचा चारा फस्त केला. नेमबाजांनी कळप संपवत आणले, पण शेवटच्या काही शेळ्या झुडपांत सापडेनात. मग गळ्यात रेडिओ-पट्टा अडकवून काही शेळ्या मुद्दाम सोडल्या. शेळी एकटी राहत नाही, ती कळप हुडकतेच, आणि नेमबाज तिच्या मागावर. २००६पर्यंत तिथल्या इसाबेला बेटाचा उत्तर भाग जवळपास मोकळा झाला. एवढा बाहेरचा पैसा एका आडबाजूच्या बेटाला मिळाला, तो जगभरातल्या नावामुळेच.

चुनखडी:
शेळ्या गेल्या, पण बिया, मुंग्या, उंदीर कुठल्याही बोटीतून येऊ शकतात. सामानाची तपासणी कायम चालू ठेवावी लागते, आणि मोहिमेचा निधी मात्र मोहीम संपली की आटतो. यादीचा धाक म्हणाल, तर जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराने एल्बे नदीवर पूल बांधलाच. २००९ला नाव वगळलं, पूल उभा आहे.

पाणवठा:
पण आजवर नावं वगळली तीनच: ओमानचं ऑरिक्स हरणांचं अभयारण्य, ड्रेस्डेन आणि २०२१ला लिव्हरपूल. कंबोडियातलं अंकोर हे मंदिरांचं स्थळ १९९२ला थेट धोक्यातल्या वारशाच्या यादीत दाखल झालं होतं. तिथली मूर्तीचोरी आणि सुरुंग यांवर काम झालं आणि २००४ला ते त्या यादीतून बाहेर आलं. तेही मोजा.