तोरणमाळचे जंगल उंचीने ठरते की पावसाने?

धाग्याचा विषय (यावल) : आपल्याकडे झाडांचा विषय निघाला की पावसावर येऊन थांबतो, माझ्या मते आधी तापमान पाहावे. शहाद्याकडून सातपुड्यातल्या तोरणमाळला चढताना तापीच्या सपाटीपासून सुमारे हजार मीटर उंची वाढते आणि हवा साधारण सहा अंशांनी उतरते. पायथ्याच्या उघड्या उतारावर सालई आणि अंजन, तर वर पठारावर आंबा आणि जांभूळ! जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्ट यांनी १८०२ मध्ये दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो पर्वतावर उंचीनुसार बदलत जाणारे वनस्पतींचे पट्टे नोंदवले, त्याचाच हा लहानसा नमुना आहे.

उत्तर (शहादा) : उदाहरण आकर्षक आहे, परंतु निष्कर्ष घाईचा वाटतो. तोरणमाळ सुमारे ११५० मीटरवर आहे आणि महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर, म्हणजे उंचीच्या हिशेबाने दोन्हीकडच्या हवेत एखाद-दीड अंशाचाच फरक पडावा. तरीही तिकडे अंजनी, जांभूळ, पिसा यांचे बारमाही हिरवे रान आणि आपल्याकडे पानझडी जंगल. (तिकडच्या अंजनीलाही कोणी अंजनच म्हणतात, पण आपला अंजन निराळा, शेंगा धरणारा.) महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या सातपुड्यावर त्याच्या कितीतरी कमी. तापमान झाडांना थांबवते ते हिमालयात, जिथे एका उंचीनंतर वृक्षच संपतात. खानदेशात त्या मर्यादेचा प्रश्नच येत नाही.

धागाकर्ता (यावल) : महाबळेश्वरचा मुद्दा मान्य, मात्र पाऊस किती पडला याबरोबर त्यातला किती झाडाच्या वाट्याला आला हेही पाहावे लागते, आणि तो हिशेब उष्णतेच्या हाती आहे. पाऊस मुख्यतः उन्हाळी सहामाहीत (आपल्याकडे एप्रिल ते सप्टेंबर) पडणाऱ्या प्रदेशासाठी हवामानतज्ज्ञ कोपेन यांच्या हवामान-वर्गीकरणाचे आजचे सूत्र असे : वार्षिक सरासरी तापमानाला २० ने गुणून त्यात २८० मिळवावे, आणि पाऊस त्या आकड्याहून कमी असेल तर प्रदेश कोरडा धरावा. समजा, ७०० मिलिमीटर पाऊस आहे. सरासरी २७ अंश असेल तर सीमा ८२० वर जाते आणि तो पाऊस अपुरा ठरतो. सरासरी १७ अंश असेल तर सीमा ६२० वर येते आणि तोच पाऊस पुरतो.

उत्तर (चाळीसगाव) : वार्षिक सरासरीवर एवढी भिस्त ठेवू नये, कारण झाड सरासरीत जगत नाही. रावेर-यावलच्या केळीला विचारा : जानेवारीतल्या काही रात्री पारा दहाच्या खाली गेला की पाने पिवळी पडतात, पोंगा (नवे गुंडाळलेले पान) अडकतो आणि घड नीट निसवत नाही, वर्षाची सरासरी मात्र जागची हलत नाही. सागाच्या कोवळ्या रोपालाही गोठलेले दहिवर सोसत नाही. शिवाय एकाच डोंगराची दक्षिणेकडची उघडी बाजू आणि सावलीतला नाला यांत पाऊस सारखाच पडतो. तरी नाल्यात अर्जुन नि जांभूळ, आणि उघड्या कातळावर सालई.

उत्तर (शहादा) : नाल्याच्या बाबतीत माती आणि वाहून आलेले पाणीही धरावे लागेल, सगळे श्रेय सावलीला देता येणार नाही. सूत्राचा मुद्दा मात्र मी स्वीकारतो. फक्त अंजनाचे काय? ऐन एप्रिलच्या भट्टीत, पावसाला दीड-दोन महिने असताना, तो तांबूस कोवळ्या पालवीने भरतो. त्याची मुळे कातळाच्या फटींतून कुठवर गेली आहेत, हे ना तुमच्या पाऱ्यात दिसते, ना माझ्या पर्जन्यमापकात.