विडंबन, विटंबना, वात्रटिका

(वेंगुर्ला)
आमच्या वाडीतल्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. देणगीदारांची नावं पायऱ्यांच्या फरशीवर कोरली. त्यावर एकाने वाडीच्या ग्रुपवर टाकलं:

पायरीवर कोरले नाव,
दाता झाला अजरामर;
गाव पुसतो येता-जाता
पाय त्याच्या नावावर

वर मथळा ‘विडंबन’. मुंबईच्या एका चाकरमान्याने लगेच हरकत घेतली, ‘विडंबन कसलं? मूळ कविता कुठाय?’ मग याला म्हणायचं काय?

(देवगड)
आजच्या मराठीपुरता चाकरमानी बरोबर. अत्र्यांचा विडंबन कवितांचा संग्रह ‘झेंडूची फुले’ 1925 साली आला आणि विडंबन म्हणजे दुसऱ्याच्या कवितेची नक्कल करून घेतलेली फिरकी, असंच डोक्यात बसलं. पण संस्कृतात या शब्दात नक्कल आणि टवाळी दोन्ही आहेत. सतराव्या शतकातल्या नीलकंठ दीक्षितांचं ‘कलिविडंबन’ बघा. त्यात कुठल्या एका कवितेची नक्कल नाही. वैद्य, ज्योतिषी, कवी, सावकार, कंजूष, सगळे लोभापायी कसे वागतात ते आहे. नक्कल असलीच तर कलियुगाची! तेव्हा मथळा जुन्या अर्थाने चालतो.

‘विटंबना’ हा याच घरातला, पण बिघडलेला भाऊ. पुतळ्याची विटंबना झाली की पोलीस येतात. विडंबन झालं तर फार तर पुढच्या अंकात खुलासा येतो. (बातम्यांतलं ‘केवढी ही विडंबना’ हिंदीच्या वळणाचं. मला खटकतं.)

(रत्नागिरी)
सरळ वात्रटिका म्हणा की. वात्रटिका लिहिणारे मंगेश पाडगांवकर तुमच्या वेंगुर्ल्याचेच.

(देवगड)
नको. नाटिका, एकांकिका यांतला ‘-इका’ आकार लहान करतो, आणि ‘वात्रट’ आपण खोड्या काढणाऱ्या पोराला म्हणतो, तेही निम्मं कौतुकाने. वरच्या ओळींत कौतुक नाही. ‘उपरोध’ही तंतोतंत नाही, त्यात स्तुतीच्या सुरात निंदा असते, इथे तर पाय पुसलेलं उघड सांगितलंय. मी ‘उपहासिका’ म्हणेन. शब्द जरा पुस्तकी आहे, पण हसण्यातली नांगी त्यात शाबूत राहते.

(कुडाळ)
आमच्याकडे ह्याका नुसता ‘खवचट’ म्हणतत! दशावतारात संकासुर मालवणीत भटजीची फिरकी घेता, तेका कोण उपहासिका म्हणता? माणसाक खवचट म्हणतत तसा कवितेकय म्हणूचा.

(वेंगुर्ला)
खवचट म्हणजे माणसाचा स्वभाव, कवितेचा प्रकार नव्हे, पण दुसऱ्या कुठल्या शब्दाला ही चव नाही हेही खरं. मथळा आता ‘उपहासिका’ केलाय. आणि हो, ज्याच्यावर त्या ओळी होत्या तो देणगीदार काल भेटला. चिडला असेल म्हणून मी वाट बदलणार होतो, तर हाक मारून म्हणाला, ‘कविता बरी आसा रे, पण माझा नाव कित्याक नाय घातलंस?’