फ्लो डायव्हर्टर टाकूनही मेंदूतला फुगा लगेच बंद होत नाही का?

आईच्या एमआरआयमध्ये डोळ्यामागच्या रक्तवाहिनीत फुगा (भिंतीला आलेला फुगवटा, अ‍ॅन्युरिझम) निघालाय, १४ मिमीचा, फुटलेला नाहीये. डॉक्टर म्हणाले फुग्याची मान रुंद आहे, नुसत्या कॉइल (फुग्यात भरायच्या बारीक तारा) आत टिकणार नाहीत, फ्लो डायव्हर्टर टाकू. पण फुगा बंद व्हायला सहा महिने, कधी वर्षही लागतं म्हणे. मग एवढं करून उपयोग काय? झोप उडालीय माझी.

उत्तर १
ताई, मी कॅथलॅबमध्ये टेक्निशियन आहे. फ्लो डायव्हर्टर म्हणजे एक स्टेंट, जाळीची नळी. तो फुग्यात जातच नाही, मूळ रक्तवाहिनीत फुग्याच्या तोंडावरून बसतो. बारीक तारांची दाट विणलेली जाळी असते, पाइपलाइन नावाच्या स्टेंटमध्ये तर ४८ तारा असतात. स्टेंट बसायच्या आधी डाय (एक्स-रेवर दिसणारं औषध) सोडला की फुग्यात गरकन फिरून बाहेर पडतो, बसल्यावर तोच डाय आत रेंगाळताना स्क्रीनवर दिसतो, तसंच रक्तही आत संथ होतं आणि हळूहळू गोठतं, आणि जाळीवर रक्तवाहिनीचं नवीन अस्तर धरतं. वेळ लागतो तो याला. पाइपलाइनला अमेरिकेत २०११ साली मंजुरी मिळाली ती ज्या अभ्यासावर, त्यात सहा महिन्यांनी साधारण ७४ टक्के फुगे पूर्ण बंद होते, आणि पाच वर्षांनी ज्यांची अँजिओग्राफी झाली त्यांच्यात ९५ टक्के. मधल्या काळात धोका शून्य नसतो, स्ट्रोक किंवा रक्तस्राव क्वचित होतो, हेही डॉक्टरांना नीट विचारा.

उत्तर २
माझं दोन वर्षांपूर्वी झालं. जांघेतून नळी घातली होती, त्यानंतर पाय सरळ ठेवून पडून राहायचं तेच जास्त जड गेलं. खरी काळजी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांची घ्या, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. नुसता हात टेबलाला लागला तरी निळा डाग पडायचा मला, पण एकही डोस चुकवला नाही. दाढ काढायची वेळ आली तेव्हा दातांचे डॉक्टर म्हणाले गोळ्या चार दिवस थांबवा, मी आधी न्यूरोच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले अजिबात नाही, दाढ नंतर काढू. जाळीवर अस्तर धरायच्या आत गोळ्या थांबल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

प्रश्नकर्ती
खूप आभार दोघांचेही. आईला आधीपासून अ‍ॅसिडिटी आहे, या गोळ्या झेपतील का?

उत्तर १
आत्ताच सांगून ठेवा, सोबत पोटाची गोळी देतात. पण ती स्वतःच्या मनाने घेऊ नका, ओमेप्राझोल या अ‍ॅसिडिटीच्या गोळीने क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो. आणि काहींना क्लोपिडोग्रेल लागूच पडत नाही, त्यासाठी रक्ताची तपासणी असते, ती स्टेंटच्या आधी करणार का ते विचारा. लागू पडत नसेल तर दुसरी गोळी देतात.