घोट्याचा दाब आणि त्वचेपर्यंत पोहोचणारे रक्त
पायाच्या तुंबलेल्या धमनीला वळसा देणाऱ्या बायपास शस्त्रक्रियेनंतर घोट्यावरचा रक्तदाब वाढला म्हणजे पायाचा रक्तपुरवठा पूर्ववत झाला, असे एक मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. तो दाब मोठ्या धमन्यांची स्थिती सांगतो. जखम भरते ती मात्र त्वचेतल्या केशवाहिन्यांच्या जोरावर. शिवाय दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या धमन्यांत कॅल्शियम साचून त्या इतक्या कडक होऊ शकतात की रक्तदाब मोजण्याचा पट्टा फुगवूनही दबत नाहीत, आणि घोटा-दंड गुणोत्तर (घोट्यावरचा दाब भागिले दंडावरचा दाब) फसवे, म्हणजे खोटेच जास्त, अगदी १.४ च्याही वर येते. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब किंवा त्वचेवरून ऑक्सिजन मोजणे अधिक विश्वासार्ह ठरते. या दुसऱ्या तपासणीत इलेक्ट्रोड त्वचेला सुमारे ४४ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो, आकडा स्थिरावायला १५ ते २० मिनिटे लागतात, आणि तो ३० मिमी पाऱ्याच्या खाली राहिला तर जखम भरण्याची शक्यता कमी समजतात. मात्र शस्त्रक्रियेनंतरच्या सुजेमुळे ऑक्सिजनला त्वचेपर्यंत जास्त अंतर कापावे लागते व आकडा कमी दिसतो. म्हणून पहिल्या काही दिवसांतल्या एकाच मोजणीवरून बायपास निकामी ठरवणे, आणि त्यावरून पाय कापण्याचा निर्णय घेणे तर मला मुळीच मान्य नाही. लेझर डॉप्लर, म्हणजे लेझर प्रकाशाने त्वचेतला रक्तप्रवाह मोजणारी तपासणी, हिचे आकडे सापेक्ष असतात. त्यांची तुलना त्याच रुग्णाच्या त्याच जागेवरच्या, त्याच तापमानाच्या खोलीत घेतलेल्या आधीच्या नोंदीशीच करावी.