पुन्हा तोच चहा, पुन्हा तोच सिनेमा

गवतीचहा: रविवारी दुपारी चारला आधण ठेवते. दीड कप पाणी, ठेचलेलं आलं, गवती चहाची दोन पाती, साखर आधीच, दूध शेवटी. मग ‘हायस्कूल म्युझिकल’, डिस्नेचा तो नाचगाण्यांचा सिनेमा, पहिला भाग. २००६चा, मी तेव्हा आठवीत. कितव्यांदा ते मोजणं सोडलंय. नवरा म्हणतो, “अगं, तो हिरो मॅचही खेळतो नि गातोही, तुला माहितीये ना?” माहितीये! तरी कॅन्टीनमधलं गाणं आलं की कप हातातच राहतो आणि चहा निवतो. तुमचंही आहे का असं काही?

कटिंग: मला दुसरा भाग. तो उन्हाळी सुट्टीतला, क्लबात नोकरी करतात तो. नाचाकडे बघत पार्ले-जी बुडवलं की ते गेलंच तळाशी. चमच्याने काढून खातो.

जुनी_कॅसेट: पहिल्या भागात हिरोच्या, म्हणजे ट्रॉयच्या गाण्यांत बराचसा आवाज ड्रू सीली या गायकाचा आहे, पडद्यावर दिसणाऱ्या झॅक एफ्रॉनचा नव्हे. कळलं तेव्हा मी दोन दिवस रुसले होते.

गवतीचहा: अहो, हे कशाला सांगितलंत! (तरी येत्या रविवारी लावणारच. तिसराही. म्हणजे दोनदा आधण.)

कटिंग: तिसऱ्याला दूध जास्त घाला, निरोपाचा आहे तो.