लहानपणीची ताटातूट माणसाच्या स्वभावात कायमची उरते का?

महालकर, नागपूर
आईच्या दीर्घ आजारपणामुळे माझा धाकटा भाऊ दुसऱ्या वर्षापासून शाळेत जाईपर्यंत उमरेडला मावशीकडे वाढला. आज त्याने चाळिशी ओलांडली आहे. पण पाहुणे निघू लागले, बॅगांच्या चेन लागल्याचा आवाज आला, की तो मागच्या खोलीत जाऊन कपाटातल्या फाइली लावत बसतो. पुतणी शिकायला पुण्याला निघाली तेव्हाही गणेशपेठच्या बसस्थानकावर मलाच जावे लागले. ‘लहानपणी परक्या दारी राहिला ना’, असे घरचे म्हणतात. हे खरे कारण, की मागाहून जुळवलेली संगती?

मानसशास्त्राचा अध्यापक
परिणाम होतो, यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो किती टिकतो यावर. बुखारेस्टच्या अनाथालयांतील 136 मुलांच्या अभ्यासात, दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांना जवळीक साधणे उशिरा गेलेल्यांपेक्षा चांगले जमले. मात्र हवाईतील कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके पाठपुरावा केला, तेव्हा गरिबी, घरातील कलह, पालकांचे मानसिक आजार अशी अनेक संकटे एकदम वाट्याला आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले जबाबदार, मायाळू प्रौढ झाली, आणि त्यामागे बहुधा जीव लावणारे एखादे माणूस होते, मग ते आजी असो वा शेजारीण. मावशींनी जीव लावला असेल, तर उमरेडची वर्षे नुकसानीच्या खात्यात टाकू नका.

अंगणवाडी पर्यवेक्षिका
तुमच्या भावाला परत कसे आणले, हे कोणी विचारलेच नाही. दोन वर्षांचे मूल ज्या कुशीत वाढते तीच त्याला आईची. तेव्हा खरी ताटातूट जाताना नव्हे, परतताना झाली असेल. मूल खेळात रमलेले पाहून गुपचूप निघून जाण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, आणि अशी मुले पुढे कित्येक दिवस खेळ सोडून दारावर नजर ठेवून बसलेली मी पाहिली आहेत.

साशंक
मोठेपणी सांगितलेले बालपणीचे हाल आणि त्या काळीच नोंदवलेले हाल यांचा मेळ फार कमी बसतो, असे 2019 मधील एका एकत्रित विश्लेषणात दिसले. शिवाय आनुवंशिकता आहेच. वडिलांचा स्वभाव कसा होता?

महालकर
वडील पाहुण्यांना थेट नाक्यापर्यंत पोचवायला जात. मावशीला काल फोन केला. ती शेतावर गेलेली असताना वडिलांनी भावाला परस्पर आणले, असे ती म्हणाली. पुतणी दिवाळीला येईल तेव्हा तिनेच हा विषय काढावा, असे माझ्या पत्नीचे मत आहे. मला ते तितकेसे पटत नाही.