सांगलीच्या जुन्या परमिट रूममधल्या वजडीत असं काय असतंय?

गावभागकर_सध्या_पुणे

मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटंल पण विचारतोच. मी मूळचा सांगलीचा, गावभागातला, आता नोकरीमुळं पुण्यात. महिन्यातनं एखाद्या शुक्रवारी रात्री येतो, शनिवारी मित्र म्हणतात विश्रामबागला नवीन जागा झालीय, एसी, सोफे, मंद लाईट, तिकडं बसू. दोनदा गेलो. पनीरचं कायतरी काड्यांना टोचून आणलं, आणि शेंगदाणे मागितले तर पोरगं म्हणालं सर मेनूत नाहीत. सांगलीत बसून शेंगदाणे नाहीत, आता बोला.

त्यापेक्षा आमची ती गल्लीतली परमिट रूम. नाव लिहीत नाही, ज्याला कळायचं त्याला कळंल. सनमायका उडालेली टेबलं, पंखा कटकट वाजतोय, भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ अजून आहे, नंतर रंग दिला तेव्हा मालकानं तेवढी पट्टी मुद्दाम सोडली. आत जाऊन बसलं की वेटर मामा न विचारता स्टीलच्या वाटीत कांदा-भडंग आणून ठेवतात आणि "उशीर केलासा आज" एवढंच म्हणतात, माझ्या बापालाही तसंच म्हणायचे. आणि वजडी, म्हणजे बोकडाचं पोट-आतडं! पितळीत चार चमचे असती, काळपट लाल, कडेनं तेल सुटलेलं, भाकरीच्या तुकड्यानं पुसून खायची. पण ती मला वर्षातनं एकदोनदाच मिळती, एरवी मामा म्हणतात संपली.

तर दोन गोष्टी सांगा. एक, तेच भडंग विकत आणून घरी कांदा घालून केलं तर तसं का लागत नाही? आणि ती वजडी करतात कशी? घरी करायची सोय नाही, आईनं आधीच सांगून ठेवलंय की असलं काय माझ्या ओट्यावर आणायचं नाही. का नुसतंच गाव सुटलं म्हणून मला सगळं गोड लागालंय?

मिरजेचा_बंड्या

भडंगाचं सोपं आहे ओ. तुम्ही कांदा आधी चिरून ठेवत असणार. त्याला पाणी सुटतंय आणि भडंग मऊ पडतंय, मग चावायचं काय. तिथं बघा, मामा गिऱ्हाईक बसल्यावरच कांदा चिरतात. वाटीत खाली भडंग, वर कांदा-कोथिंबीर, लिंबाची फोड बाजूला, कालवायचं आपण आणि दोन मिनिटात संपवायचं. गप्पा नंतर. आणि वरनं चमचाभर कच्चं शेंगतेल पाहिजे, तुम्ही पुण्यात सूर्यफूल वापरत असाल तर देवच वाचवो. साधे चिरमुरे घेऊन फोडणी देऊ नका, भडंगाचा दाणा वेगळा, मोठा आणि फुगीर असतो. सांगली-जयसिंगपूरचंच आणा.

वजडीचं मला माहीत नाही, मी अंडा बुर्जीवाला माणूस.

खरं_बोलू_का

नॉस्टॅल्जिया आहे भावा, दुसरं काय नाही. तिथलं बाथरूम बघितलंयस का? आणि पूर्वी स्वस्त तरी होतं, आता तेही नाही. नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५ चा १० टक्के केला, तेव्हापासून आमचा ग्रुप तर वाइन शॉपमधनं घेऊन कुणाच्यातरी गच्चीवरच बसतोय. मामा काय सगळ्यांनाच उशीर केलासा म्हणतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला पण म्हणाले होते.

हळदीपेठ

मी त्या जागेत आजवर पाय ठेवलेला नाही, तरी वजडीवर बोलायचा हक्क आहे म्हणून लिहिते. आम्हा बायकांना आत बसायची सोय कुठाय? फॅमिली रूम म्हणून पाटी आहे ती जिन्याखाली प्लायवूडचं खोकं आहे, त्यात बसून डासांना रक्तदान करायचं. त्यामुळं माझं सगळं पार्सलवर. नवरा दारातनं आत यायच्या आधी मला वासावरनं कळतं आणलीय का नाही. बाकी दुसऱ्या पेगनंतर तुम्हा लोकांना चव काय कळत असंल ते तुम्हालाच माहीत, खरी चव मला कळती, कोरड्या जिभेनं खाते मी.

दत्तूची_गल्ली

मी तिथनं चौथ्या घरात राहतो, म्हणून सांगतो. वजडी त्या किचनमध्ये शिजतच नाही. मालकांच्या घरातनं डबा येतो. वहिनी सकाळी गरम पाण्यात चुना टाकून वजडी खरवडून काढतात, पांढरी स्वच्छ होईस्तोवर पाच-सहा पाणी बदलतात. मग हळद-मीठ घालून कुकरला भरपूर शिट्ट्या, ते पाणी पण टाकून द्यायचं, वास तिथंच जातोय. नंतर लोखंडी कढईत कांदा, खोबरं आणि त्यांची वर्षाची चटणी. उन्हाळ्यात डंकावर कुटून आणतात, ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला, कांदा-लसूण घालून. तीच चटणी, म्हणून दुसऱ्या हॉटेलात तशी लागत नाही. डबा साडेसहाला येतो, जास्तीत जास्त वीस प्लेटी, आठला संपतोय.

आणि ते @खरं_बोलू_का, बाथरूमचं खरं आहे, मान्य. पण २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५, तेव्हा ह्यांचे फ्रीज, स्टॉक सगळं बुडालं. पाणी उतरल्यावर परमिट रूम उघडली तेव्हा दारूचा थेंब नव्हता, नुसता रस्साभात. गल्लीत चिखल काढणाऱ्या पोरांकडनं चार दिवस पैसे घेतले नाहीत. मी त्यातलाच एक होतो, म्हणून मला तिथलं बाथरूम चालतंय.

गावभागकर_सध्या_पुणे

साडेसहाचा डबा! लगा इतकी वर्षं जातोय आणि हे कुणी बोललं नाही. मी आपला नऊला जाऊन बसणार आणि मामांच्या तोंडाकडं बघणार. ह्या शनिवारी सहालाच जाऊन टेबल धरतो.

दत्तूची_गल्ली

शनिवारी नको. वहिनींचा मारुतीचा शनिवार असतोय, त्या दिवशी घरात वशट शिजत नाही. मामा संपली म्हणतात ते त्यामुळं, केलीच नाही म्हटलं की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतंय. रविवारी या.

हळदीपेठ

रविवारी येणारच आहात तर एक पार्सल जास्त सांगा, नवरा त्या दिवशी गावाला आहे. डबा मी पाठवते.